उजवा कौल

खालापूर, ता. २३ मे १९३४

जये,

आशीर्वाद लिहायला घेतले आणि हात अडला. एकवीस वर्षं ज्याने तुझं नाव काढलं नाही, त्याचे आशीर्वाद तू कशाला घेशील? तेव्हा ते राहू देत. मी गजा, तुझा भाऊ. आहे तसाच आहे. केस गेले आणि आवाज वाढला, असं हिरू म्हणते.

हिरूसाठीच लिहितो आहे. तिच्या डाव्या छातीत गाठ झाली. शिमग्याच्या सुमाराला तिच्या हाताला लागली होती म्हणे, पण बाईने सगळ्यांपासून लपवली. का, तर भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे होते, बियाणं पाखडायचं होतं, घरात पाहुणे होते. मला कळलं तेव्हा मी आरडाओरडा केला आणि ती हसली. मग कर्जतचे डॉक्टर घरी आले. माजघरात बाज टाकून त्यांनी गाठ कापून काढली. हिरूने हूं की चूं केलं नाही. मीच बाहेर जाऊन ओकलो. हे तू कुणाला सांगू नकोस.

डॉक्टर म्हणाले, गाठ साधी की वाईट हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. वाईट असली तर तिची चाल मंद की जलद, हेही हल्ली भिंगाखाली बघून सांगता येतं. त्यासाठी ती औषधाच्या बाटलीत घालून मुंबईला पाठवायला हवी. तिथल्या इस्पितळात तुमच्याच बाजूच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांची नजर चांगली आहे. नाव जयाबाई. बाजेवरून हिरूच बोलली, "आमच्या वन्सं हायत त्या." गुंगी पुरती उतरली नव्हती, तरी तेवढं तिने बरोबर सांगितलं.

तर ही बाटली तुझ्याकडे येते आहे. तू देवाधर्माची नाहीस, म्हणून एक गोष्ट तुला चिडवायला मुद्दाम लिहितो. बाटली शिवेबाहेर न्यायच्या आधी आईने गावदेवीचा कौल लावला. अंगाचा तुकडा परगावी जाणार, आणि तोही काचेत घालून बघायला, तेव्हा देवीला विचारायला नको? सखा गुरवाने देवीला दोन्ही बाजूंना कळ्या लावल्या. उजवी पडली. म्हणजे सगळं चांगलं होणार. तुझं भिंग काय सांगतं ते आता तू बघ आणि नाक मुरड.

तुझ्या वेळेला डावी कळी पडली होती, हे मी विसरलेलो नाही. पंधराव्या वर्षी कपाळ पुसून तू घरी आलीस आणि शिकायचं म्हणालीस. आईने कौल लावला, देवी नाही म्हणाली, आणि तरी तू गेलीस. आई अजून म्हणते, देवीने जिला नाही म्हटलं तिला या उंबऱ्याच्या आत कशी घेऊ. मी तेव्हा गप्प बसलो, पुढेही गप्पच बसलो. कर्जतच्या स्टेशनापर्यंत तुझ्याबरोबर चालत कोण आलं होतं, ते मात्र मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तिच्या पायाला चिखल होता.

त्या बाईची ही गाठ आहे. नीट बघ.

बाटली माणसाबरोबर पाठवतो आहे. आईला या पत्राचं ठाऊक नाही.

गजा


खालापूर, ता. ६ जून १९३४

जये,

तुझं पत्र आलं. मायना नाही, खाली नाव नाही, डॉक्टरी कागदासारखं कोरडं ठणठणीत. पण आलं. मी ते ओटीवर उभ्या उभ्या वाचलं, मग गोठ्यात जाऊन परत वाचलं, मग हिरूला वाचून दाखवलं.

गाठ कर्करोगाची आहे, हे वाक्य मी दोनदा वाचलं. ती म्हणाली, "फुडं वाचा की." मग पुढचं वाचलं. तू फार सोपं करून लिहिलं आहेस. माणसाचं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. एका पेशीच्या दोन होतात, त्या घटकेला भिंगातून ती वेगळी ओळखू येते. एवढ्या जागेत अशा दोन होऊ घातलेल्या पेशी किती सापडतात ते तुम्ही मोजता. पुष्कळ सापडल्या तर रोग झपाट्याने पसरतो, थोड्या सापडल्या तर दमाने. आणि हिरूच्या गाठीत फारच थोड्या सापडल्या.

हिरूला हे माझ्याआधी समजलं. ती म्हणाली, "म्हंजे आपून ओल्या फडक्यात बी बांधतो आनि किती मोड आलं बघतो, तसंच हाय. फकस्त हितं मोड आलं न्हाईत त्ये बरं." तुझ्या कॉलेजात एवढी वर्षं घालवण्यापेक्षा तू तिच्याशेजारी बियाणं निवडायला बसली असतीस तरी चाललं असतं, असं मी तिला म्हणालो. तिने मला लाटण्याने मारलं. डाव्या हाताने मारलं. म्हणजे हात उचलतो आहे, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

तू लिहितेस की उरलेली छाती आणि काखेतलं मांसही काढायलाच हवं, तिला लवकर आणा. आणि पुढे लिहितेस की थांबणं भागच असलं तर इतक्या मंद गाठीला दिवाळीपर्यंतची सवड मिळेल. जये, थांबणं भागच आहे गं. लावणीच्या दिवसांत ही घरात नसली तर घर बसतं. तीच म्हणाली, भात खळ्यावर आलं की मी आपल्या पायाने वन्संकडे जाईन. वन्संच्याच नजरेखाली इस्पितळात पडेन. तिला त्या जाण्याचा आनंदच झाला आहे, ऑपरेशन असलं तरी.

आईला मी एवढंच सांगितलं की मुंबईच्या डॉक्टरांनी गाठ मंद सांगितली. ती म्हणाली, "देवीनं आदीच सांगितलं व्हतं, तुमाला इंग्रजी कागूद लागतो." तिने देवीची ओटी भरली. कोण डॉक्टर, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पत्राखाली नाव लिहायला हरकत नव्हती. लिहिलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

गजा


खालापूर, ता. १९ ऑगस्ट १९३४

जये,

तू दोनदा विचारलंस म्हणून लिहितो. सगळं ठीक आहे. लावणी झाली. हिरू यंदा चिखलात उतरली नाही, बांधावर बसून बायकांना शिव्या घालत होती, म्हणजे तब्येत उत्तम. घाव भरला. कधी कधी हात जड होतो म्हणते. तो कामाने होतो. खालच्या वाडीची बुधी तिचा हात चोळून देते.

तू मुंबईला लगेच घेऊन या म्हणतेस. आता? नदी दोन्ही काठ भरून वाहते आहे. तूच दिवाळी म्हणालीस ना? मग दिवाळी. डॉक्टर माणसाने एकदा एक सांगावं आणि एकदा एक, असं करू नये.

हिरू म्हणते, वन्संना लिहा की नाव लिहायला लागलात ते वाचून बरं वाटलं.

गजा


खालापूर, ता. २० नोव्हेंबर १९३४

जयाबाईंस,

तुमच्या मंद गाठीने आमच्या घराची राखरांगोळी केली.

दिवाळीच्या आधीच काखेत गाठी आल्या. एक नाही, एकीला एक लागून, भरल्या शेंगेसारख्या. जुन्या घावाची कातडी फुटली. हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून पाणी भरल्यासारखा झाला आहे. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. कर्जतचे डॉक्टर येऊन बघून गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, आता सुरी लावण्यात अर्थ नाही, मुंबईला नेऊन हाल करू नका, जे खावंसं वाटेल ते द्या. मी त्यांना विचारलं, मुंबईने तर मंद सांगितली होती ना? ते खाली बघून म्हणाले, तेच मलाही समजत नाही.

मला समजतं. एकवीस वर्षांचं उट्टं काढलंस तू. नाही, हे खोटं आहे, मी रागात लिहितो आहे, खोडत नाही. पण मला सांग, तू त्या काचेत बघितलंस तरी काय? डोळे उघडे होते का? लोक तुझ्या नजरेचं कौतुक करतात. माझ्या शेतातला गडीसुद्धा बी बघून सांगतो की हे उगवेल आणि हे नाही. मी तुझ्या आकड्यावर विसंबलो. दिवाळीपर्यंत सवड आहे असं तू कागदावर लिहिलंस, तो कागद माझ्यापाशी आहे. तो नसता तर मी तिला भर पावसात खांद्यावर टाकून आणली असती.

आणली असती का? आता काही म्हणायला काय जातं.

ती रात्रंदिवस कण्हते. बुधी वाडीवरून येऊन तिची जखम धुते, कारण आईला तो वास सोसत नाही आणि मला फक्त पाणी तापवून देता येतं. आणि एवढं होऊन ती काय विचारते? "वन्संचं पत्र आलं का?"

काय सांगू तिला?

गजानन


खालापूर, ता. १ डिसेंबर १९३४

जये,

तुझं पत्र परवा आलं. तू माझ्या शिव्यांना उत्तर दिलं नाहीस. एवढंच लिहिलंस की मी गाठीचा पापुद्रा लावलेली ती काच काढून पुन्हा पाहिली, पुन्हा मोजली, आकडा तोच येतो. पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, हे तेव्हाही दिसलं होतं, उन्हाळ्याच्या प्रवासाने असेल म्हणून मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं नाही. आता मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, म्हणून मोजण्याचं काम मी सोडलं आहे. आणि शेवटी एक प्रश्न, आणि तो का विचारतेस ते. गाठ अंगातून काढल्यावर औषधाच्या बाटलीत कधी घातली?

हा प्रश्न मी खळ्यावर तीनदा वाचला.

सांगतो. डॉक्टरांनी गाठ कापून वाटीत ठेवली. ते हिरूला टाके घालत होते. मला म्हणाले, गजाननराव, बाटली तिथे आहे, हे लगेच आत टाका, झाकण घट्ट लावा. मी वाटी आणि बाटली घेऊन ओटीवर आलो. तिथे आई उभी होती. म्हणाली, "त्या घान वासाच्या पान्यात घालू नगंस. देवीम्होरं औषदात बुडवलेलं कसं न्यायाचं? हाय तसं दाखवाया लागंल. कौल झाला का मंग घाल." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. औषध म्हणजे लोणच्यातल्या मिठासारखं, नासू नये म्हणून, एवढंच मी समजत होतो. थोडा वेळ इकडे तिकडे झाला तर काय बिघडलं? पळसाच्या पानात गुंडाळून आईने ती तांब्याच्या वाटीत ठेवली, माठाच्या शेजारी, गारव्याला.

संध्याकाळी देवळात गेलो. सखा गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. कळ्या पडेनात. दोन्ही चिकटून बसल्या. सखा म्हणाला, देवी मनात घेत नाही, उद्या या. ती वाटी रात्रभर माठाशी राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे उजवी कळी पडली. आता वाटतं, मे महिन्यातली कळी, ती वाळली म्हणून पडली. तेव्हा आम्ही देवीला हात जोडले आणि मग मी गाठ बाटलीत टाकली. टाकताना ती मऊ लागली आणि तिला वास येत होता. हे मला आठवतं आहे, आणि मी तेव्हा काही मनात आणलं नाही.

कौलाचं मी तुला लिहिलं होतं, जये. चिडवायला म्हणून लिहिलं होतं. वाटीचं लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. आणि तूही कौल हा शब्द वाचून पुढे गेली असशील. तुझ्या लेखी ते आईचं जुनं खूळ.

तू लिहितेस की मांस औषधाशिवाय राहिलं की दोन होऊ घातलेल्या पेशी तशाच राहत नाहीत. काही पुढे होऊन मोकळ्या होतात, काही आक्रसून ओळखेनाशा होतात, आणि मोजणाऱ्याला त्या सापडत नाहीत. मी शेतकरी आहे, मला हे कळतं. राबातलं रोप उपटून उन्हात बांधावर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला म्हटलं की सांग यातली किती वाढीला लागली होती, तर तो काय सांगेल? तू सांगितलंस ते त्या वाळल्या रोपाचं. हिरूच्या अंगात जे उगवत होतं ते तुझ्यापर्यंत आलंच नाही.

आणखी एक. बाटली माणसाबरोबर पाठवतो असं मी लिहिलं होतं. तो माणूस मीच. इस्पितळाच्या दाराशी पट्टेवाल्याकडे बाटली दिली आणि समोरच्या बाकावर बसलो. तू जिन्यावरून उतरलीस. पांढरा अंगरखा, केस आईसारखे पुढून विरळ. तू कुणाशी तरी हसून बोलत गेलीस. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारायची ते सुचेना, आणि गाडीची वेळ झाली. हाक मारली असती तर तू विचारलं असतंस, दादा, कधी काढली, कशात ठेवली. एवढ्या एका प्रश्नाचं काम होतं.

पत्र वाचून मी तडक ओटीवर निघालो. आई तांदूळ निवडत बसली होती. त्या दिवशी मी तिला सांगणारच होतो, तिच्या देवीचं आणि तिच्या वाटीचं. तिने आधी तुला घालवलं, आता हिरूला घालवते आहे. माझं डोकं फिरलं होतं म्हण ना. माजघरातून जाताना हिरूने हाक मारली. माझा चेहरा बघून तिने सगळं काढून घेतलं, पत्र वाचायला लावलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यास्नी सांगू नगा."

मी म्हटलं, का नको? तिला कळायला नको?

"कळून काय हुईल? माजी गाठ का परत बसनार हाय? म्हातारीनं माज्या भल्यासाठीच केलं वो. दुपारपातुर उपाशी बसल्या व्हत्या देवळात. आता त्यास्नी येक देवी तरी ऱ्हाऊ द्या."

मी तिच्यावर ओरडलो. आजारी माणसावर ओरडलो. माझं ओरडणं संपल्यावर ती म्हणाली, "आनि वन्संनी मोजायचं का सोडलं? त्यांची काय चूक?"

याचं उत्तर तिला तूच दे.

गजा


खालापूर, ता. ८ डिसेंबर १९३४

जये,

हे पत्र टपालात टाकत नाही. मीच घेऊन येतो आहे आणि तुझ्या हातात देणार आहे. समोर उभा राहून हे सगळं माझ्या तोंडून निघणार नाही, मला मी ठाऊक आहे. तू वाचून होईपर्यंत मी त्या बाकावर बसेन. या वेळी उठून जाणार नाही.

चार दिवस हिरूने एकच धोशा लावला होता. "वन्संना चांगला तुकडा द्या. ताजा. काखेतला द्या, तितं लई हायत." मी नाही म्हणालो, डॉक्टर नाही म्हणाले. उपयोग काय? तिला बरं वाटणार नाही, वर आणखी एक जखम. ती डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, आमी त्या बाईला सुकलेलं रोप दिलं आनि वर म्हनलं तुला मोजता येत नाय. त्या आता दुसऱ्या बायांचं बी बघंनात. मी तर जानारच हाय. जाताना तेवढं सरळ करून जाऊ द्या." मग डॉक्टरांनी पिशवी उघडली.

आज सकाळी त्यांनी काखेतून लहानसा तुकडा काढला. बुधीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी बाटली उघडी धरून शेजारीच उभा होतो. या खेपेला मी ओकलो नाही. तुकडा वाटीत ठेवूच दिला नाही, त्यांच्या चिमट्यातून थेट बाटलीत घेतला. औषधाने डोळ्यांना पाणी आलं. काच माझ्या हातात कोमट झाल्यासारखी वाटली, ती झाली असेल नसेल.

झाकण लावून बाहेर आलो तर ओटीवर आई, आणि अंगणात सखा गुरव. त्याच्या हातात फुलांचं तबक. तुला घरी घेऊन येणार हे मी तिला रात्रीच सांगितलं होतं, तेव्हा आईनेच त्याला बोलावून घेतलं होतं.

"गजा, शिवंभाईर जातंय न्हवं त्ये? देवीला दाखवल्याबिगर न्यायाचं नाय रं."

मी म्हटलं, "नाय आये. आज कौल नाय."

"आनि ती पोरगी घरात यायची म्हनतोस, त्येचा तरी कौल? देवीनं नाय म्हनलेली हाय ती."

"त्येचा बी नाय."

जये, मी पंचेचाळीस वर्षांचा झालो. आईला समोर नाही म्हणण्याची ही माझी पहिली वेळ. सखा तबक घेऊन अंगणातून निघून गेला. मला वाटलं आई आता शाप देईल. ती खांबाला धरून खाली बसली. अगदी हळू आवाजात तिने मला विचारलं, "मागल्या बारीला आपून थांबलो, त्येनं कायी झालं का रं?"

तिला कुणी काही सांगितलेलं नाही. मला माहीत नाही ती काय समजली आणि काय नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, आठ दिवस तेच तर घोळत होतं. आत हिरू जागी होती आणि माजघराचं दार उघडं होतं.

मी म्हणालो, "नाय आये. त्येनं कायी नाय झालं."

तिने मान हलवली आणि सूप पुढे ओढलं. तांदूळ निवडते आहे. कालचे निवडलेलेच परत निवडते आहे. मी निघायची तयारी केली तरी तिने वर बघितलं नाही. तू आलीस म्हणजे ती तुझ्याशी बोलेल, असं मी तुला सांगू शकत नाही. बोलणार नाही कदाचित. उंबऱ्यात मी उभा राहीन, तुला कुणी अडवणार नाही, तेवढं माझ्याकडे लागलं.

आता बाटली घे. यातली काच तू स्वतः कर, तू स्वतः बघ. हिरू म्हणते, पुष्कळ सापडतील. तिला ते अंगात कळतं आहे. सापडल्या की समज, तुझ्या डोळ्यांत काही खोट नाही आणि कधी नव्हती. मग इथून परत गेलीस की पुन्हा कामाला बस. कुणाची तरी बाटली कुठूनशी वेळेवर येईल, तिचा आकडा खरा निघेल, आणि ती बाई दिवाळीची वाट बघत बसणार नाही. पहिल्यांदा विचारत जा, कधी काढली आणि कशात ठेवली. आमच्यासारखे पुष्कळ आहेत.

आकडा मला सांगू नकोस. मला तो ऐकवणार नाही. माझ्याबरोबर गाडीत बस आणि तो हिरूला सांग. तुझ्या तोंडून ऐकायचा म्हणून ती अन्न गिळते आहे. काल तिने बुधीकडून केस विंचरून घेतले. म्हणाली, "वन्संनी मला मोकळ्या केसांत बघितलं न्हाई कदी." कर्जतला बैलगाडी सांगून ठेवली आहे. ज्या रस्त्याने तिने तुला पोचवलं, त्याच रस्त्याने जायचं आहे.

मोजायला लागेल तेवढा वेळ घे. मग चल, जये. कौल लावलेला नाही.

तुझा दादा
गजा